बोर्डावर आहे तेच नाव



ऑडिओ हार्डवेअर आणि पुणे यांचं नातं जुनं आहे. फिलिप्सचा रेडिओ कारखाना पुण्याजवळ उभा राहिला तो १९५९ साली. त्याच फिलिप्सनं पुढे १९८२ मध्ये आयटूसी आणि १९८६ मध्ये आयटूएस जगापुढे आणलं. ते संशोधन नेदरलँड्समधलं, आपल्याकडचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आज या सभागृहात बसलेल्या कुणाच्याही बोर्डावर कोडेकला हुकूम बहुधा आयटूसीच्या दोन तारांवरून जातात आणि आवाजाचे नमुने आयटूएसवरून जातात. त्यामुळे हा विषय पुण्याला परका नाही.

या परिषदेच्या संयोजकांनी पहिलं सत्र डिव्हाइस ट्रीमधल्या ऑडिओच्या नावांना दिलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. कार्यक्रमपत्रिका पाहून काहींनी मला विचारलं, नावांवर अख्खं सत्र कशाला? स्वागताध्यक्ष म्हणून मला मिळालेला वेळ मी याच प्रश्नाच्या उत्तराला देणार आहे.

संगणकाला यूएसबीचा हेडफोन जोडला, तर तो स्वतःच सांगतो की मी कोण, कोणत्या कंपनीचा, मला काय काय येतं. आयटूसीवर बसलेला कोडेक असं काही सांगत नाही. कर्नलला तो आहे हेच कळत नाही, कुणीतरी लिहून द्यावं लागतं. एके काळी हे लिहिणं प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या सी फाइलमध्ये चालायचं. एआरएमच्या बोर्डांची संख्या वाढली तसा त्या फाइलींचा ढीग झाला आणि २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएमच्या जगानं डिव्हाइस ट्रीचा रस्ता धरला. कल्पना नवी नव्हती. ओपन फर्मवेअरमध्ये ती आधीपासून होती आणि १९९४ मध्ये तिला आयट्रिपलईचं मानकही मिळालं होतं. आपण तिच्याकडे उशिरा वळलो, इतकंच.

डिव्हाइस ट्री हा बोर्डाचा सातबारा आहे. जमीन जशी आहे तशी त्यात लिहायची, कसणाऱ्याच्या सोयीनं नव्हे. ड्रायव्हर आज लिनक्सचा असेल, उद्या झेफरचा असेल, परवा बूटलोडर तीच फाइल वाचेल. म्हणून त्यात ड्रायव्हरला काय हवं ते लिहायचं नसतं, बोर्डावर काय बसवलंय ते लिहायचं असतं.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डब्ल्यूएम८९६० हा कोडेक आपल्यापैकी अनेकांनी वापरला आहे. आयटूसीवर त्याचा पत्ता हेक्समध्ये १ए. त्याच्या नोडचं नाव काय द्यावं? बरेच जण चिपचंच नाव देतात आणि पुढे ‘@१ए’ जोडतात. डिव्हाइस ट्रीचं विनिर्देशपत्र मात्र सांगतं की नोडचं नाव कामावरून द्या, म्हणजे ‘ऑडिओ-कोडेक@१ए’. कोणती चिप ते सांगायला ‘कंपॅटिबल’ ही स्वतंत्र जागा आहे. तिथे आधी उत्पादकाचा संक्षेप, मग स्वल्पविराम, मग चिपचं पूर्ण नाव. इथे नेमकेपणा हवा. चार चिपांच्या कुटुंबाला मिळून ‘एक्स-एक्स’ घालून एकच नाव देऊ नये, कारण त्या कुटुंबातली पाचवी चिप उद्या बाजारात येते आणि ती वेगळी वागते.

या संक्षेपाचं महत्त्व मला फार वाटतं. डब्ल्यूएम८९६० बनवणारी वुल्फसन ही एडिंबराची कंपनी २०१४ मध्ये सिरस लॉजिकनं विकत घेतली. फ्रीस्केल २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली, आणि एनएक्सपी म्हणजे एके काळचा फिलिप्सचाच सेमिकंडक्टर विभाग. मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली. मालक बदलले, इमारतींवरच्या पाट्या बदलल्या, पण कर्नलमध्ये वुल्फसनचा ‘डब्ल्यूएलएफ’, फ्रीस्केलचा ‘एफएसएल’ आणि ‘मॅक्सिम’ हे संक्षेप जुन्या चिपांसाठी तसेच राहिले. ते बदलायचेही नाहीत. कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्राच्या फ्लॅशमध्ये जी डिव्हाइस ट्री आहे, ती नव्या कर्नलवरही चालली पाहिजे. एकदा दिलेलं नाव हे शब्द दिल्यासारखं आहे आणि तो पाळला जातो, याचा मला या क्षेत्राबद्दल अभिमान वाटतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डाव्या-उजव्याचा, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. समजा बसमध्ये थांब्यांची घोषणा करणारं एक यंत्र आहे. त्यात एकाच जातीचे दोन ॲम्प्लिफायर आहेत, एक पुढच्या स्पीकरला, एक मागच्या. दोघांचा ड्रायव्हर एकच, म्हणून दोघेही आपल्या आवाजाच्या नियंत्रणाला एकच नाव देतात. एका कार्डात एकाच नावाची दोन नियंत्रणं बसत नाहीत. पहिलं नोंदलं जातं, दुसऱ्याला कर्नल नकार देतो. यासाठी ‘साउंड-नेम-प्रीफिक्स’ ही प्रॉपर्टी आहे. एका नोडला ‘फ्रंट’, दुसऱ्याला ‘रिअर’ लिहिलं की ‘फ्रंट स्पीकर प्लेबॅक व्हॉल्यूम’ आणि ‘रिअर स्पीकर प्लेबॅक व्हॉल्यूम’ अशी दोन स्वच्छ नावं मिळतात. काम एका ओळीचं आहे. पण ती ओळ लिहिणाऱ्याला कोणता ॲम्प्लिफायर पुढचा, हे कळणार कसं? स्कीमॅटिकवर यू७ आणि यू८ एवढंच असतं. स्टिरिओ उपकरणात तर पेच आणखी वाढतो. बोर्ड डब्यात उलटा बसतो आणि रेखाटनातला डावा ॲम्प्लिफायर ऐकणाऱ्याच्या उजव्या हाताला जातो. डावं म्हणजे ऐकणाऱ्याचं डावं, हे स्कीमॅटिक काढतानाच ठरलं आणि लिहिलं गेलं पाहिजे. ते सॉफ्टवेअरवाल्यानं कानानं शोधायचं काम नव्हे.

ज्या ॲम्प्लिफायरला आयटूसीच नाही, उदाहरणार्थ मॅक्स९८३५७ए, त्याला पत्ता नसतो, म्हणून त्याच्या नोडच्या नावापुढे ‘@’ लावू नये. दोन असले तर ‘ऑडिओ-कोडेक-०’ आणि ‘ऑडिओ-कोडेक-१’ लिहावं. एवढं पुरतं.

साउंड कार्डाच्या नोडची गोष्ट थोडी निराळी. ‘साउंड’ नावाची चिप बोर्डावर नसते. तो नोड जोडणी सांगतो: प्रोसेसर आणि कोडेक कसे जोडलेत, घड्याळ कोण देतं, कोडेकची कोणती पिन कोणत्या जॅकला जाते. ‘राउटिंग’ या प्रॉपर्टीत नावांच्या जोड्या असतात. आधी आवाज जिथे पोहोचतो ते नाव, मग जिथून निघतो ते. म्हणजे ‘हेडफोन जॅक’ आधी, कोडेकची पिन नंतर. कोडेकचा कोणता भाग चालू ठेवायचा आणि कोणता बंद, हे कर्नल याच नकाशावरून ठरवतो. नकाशा चुकीचा असेल, तर कुठे बॅटरी फुकट जाते आणि कुठे आवाजच येत नाही. जॅकचं नाव डब्यावर जे छापलंय तेच इथे असावं, असं माझं ठाम मत आहे. डब्यावर ‘लाइन आउट’ आणि आत ‘हेडफोन’, हे दुरुस्तीला बसलेल्या माणसावर अन्याय करणारं आहे.

आणि शेवटी कार्डाचं नाव. आल्सामध्ये कार्डाच्या आयडीला जागा आहे १५ अक्षरांची. तेवढ्यात ओळख पटली पाहिजे. कार्डाच्या क्रमांकावर विसंबणाऱ्यांना २०२० साली रास्पबेरी पायवर धडा मिळाला. एचडीएमआय आणि हेडफोन ही तिथे दोन वेगळी कार्डं झाली. ते बरोबरच होतं, कारण ते दोन वेगळे मार्ग आहेत. पण ज्यांनी स्क्रिप्टमध्ये शून्य क्रमांक आणि जुन्या नियंत्रणाचं नाव पक्कं लिहिलं होतं, त्यांचा आवाज गेला किंवा भलत्या वाटेनं गेला. कोणत्या प्रसंगी कोणता स्पीकर आणि किती आवाज, हे ठरवणाऱ्या यूसीएमच्या फाइली कार्डाच्या नावावरून शोधल्या जातात. नाव गंमत म्हणून बदललं की फाइल सापडत नाही. ‘टेस्ट-कार्ड’ किंवा ‘माय-साउंड’ असं नाव घेऊन एखादं यंत्र बाजारात जातं, तेव्हा ते पुढची दहा वर्षं तेच नाव वागवतं.

आपल्या भागातल्या कारखान्यांत चांगले बोर्ड बनतात. पण त्यांच्या डिव्हाइस ट्री कंपनीच्या कपाटातच राहतात, मुख्य प्रवाहातल्या कर्नलपर्यंत फार थोड्या पोहोचतात. विद्यार्थ्यांना मी सांगेन की सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही. हातातल्या बोर्डाच्या ऑडिओचं वर्णन लिहा, यामलमधल्या बाइंडिंगशी ते ताडून पाहा, ‘डीटीबीएस-चेक’ चालवा आणि पॅच पाठवा. परीक्षक कठोर आहेत, पण कारण सांगतात.

निवास, भोजन आणि वाहनांची व्यवस्था आपले विद्यार्थी स्वयंसेवक पाहत आहेत. काही कमी पडलं तर थेट मला सांगा.

आज दुपारच्या गटचर्चेत हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरवाल्यांना आम्ही मुद्दाम एकाच टेबलावर बसवलं आहे. प्रत्येक गटानं आपल्या एका बोर्डाचं स्कीमॅटिक समोर ठेवावं आणि कोडेक, ॲम्प्लिफायर, जॅक आणि कार्ड या सगळ्यांची नावं तिथेच ठरवून कागदावर लिहून द्यावीत, ही स्वागत समितीची विनंती आहे. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.