स्फोटकांची कोठी कोणाच्या ताब्यात?

(दगडखाण कामगार आणि पक्षकार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



आज सकाळपासून आपण ब्रासचा दर, ठेकेदाराची उचल आणि खाणीवरील मुलांची शाळा या प्रश्नांची चर्चा केली. हे प्रश्न जुने आहेत आणि आपल्या चळवळीने त्यांवर पुष्कळ काम केले आहे. परंतु जिच्यावाचून दगडखाणीचे काम चालत नाही, त्या वस्तूचा उल्लेख सकाळपासून कोणाच्याही तोंडी आला नाही. ती वस्तू म्हणजे सुरुंगाची दारू. ती कोणाच्या नावावर येते, कोठे ठेवली जाते आणि उरली तर कोठे जाते, हे प्रश्न केवळ सरकारी तंत्रज्ञांचे आहेत अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे, हे मला आज सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका खाणीवर सभेसाठी गेलो असता माझा मुक्काम मजुराच्या झोपडीत झाला. मला दिलेल्या खाटेखाली एक खोके होते व त्यावर गोधडीची घडी होती. चौकशी करता समजले की, दुपारच्या बारांतून उरलेल्या जिलेटिनच्या कांड्या मुकादमाने तेथे ठेवावयास सांगितल्या होत्या. कॅपांची पुडी मात्र त्या घरच्या बाईने चुलीपासून आणि खोक्यापासून दूर, दाराच्या वरच्या खाचेत खोचली होती. कांड्या आणि कॅपा एकत्र ठेवू नयेत, हा स्फोटकांच्या नियमांतील पायाभूत दंडक आहे. तो तिला कोणी शिकविला नव्हता. आपल्या लेकरांच्या काळजीने तिने तो स्वतःच शोधला होता. त्या खाणीवर सुरुंग लावण्याचा रीतसर परवाना होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. आपल्या देशातील स्फोटकांचा मूळ कायदा १८८४ चा, म्हणजे इंग्रजी अमदानीतील आहे. त्याखालील आजचे नियम २००८ चे आहेत. परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. साठ्याची कोठी, जिला खाणीवर ‘मॅगझीन’ म्हणतात, ती वस्ती, रस्ता व इतर बांधकामे यांपासून ठराविक अंतरावर असावी लागते. साठा जितका मोठा, तितके हे अंतर अधिक. कॅपांसाठी स्वतंत्र खोली, वीजरोधक, कुंपण, पहारा आणि आवक-जावकेची नोंदवही, हे सारे आवश्यक आहे. जागेसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला लागतो. दिवसाच्या कामातून उरलेली स्फोटके पाळी संपताच कोठीत परत गेली पाहिजेत, असे १९६१ च्या धातुखाण विनियमांनी घालून दिले. नियम कागदावर चांगले आहेत. मग खोके खाटेखाली कसे येते?

दोन-चार एकरांचा खाणपट्टा घेणाऱ्या लहान खाणवाल्यास स्वतःची कोठी परवडत नाही. अंतराची अट पुरी होईल एवढी मोकळी जमीन त्याच्यापाशी नसते आणि दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्याइतके बळही नसते. म्हणून तो परवानाधारक ठेकेदारास गाठतो. ठेकेदार आपल्या दूरच्या कोठीतून माल आणतो, कॉम्प्रेसर लावून भोके पाडतो, बार उडवितो आणि निघून जातो. उरलेल्या दहा-वीस कांड्या तीस-चाळीस किलोमीटर परत नेण्याचा खर्च कोणालाच नको असतो. उद्या पुन्हा बार आहेतच, या सबबीवर त्या तेथेच राहतात आणि नोंदवहीत ‘वापरल्या’ म्हणून लिहिल्या जातात. कागदावर ती कांडी उडालेली असते. प्रत्यक्षात ती झोपडीत असते. उद्या तिने कोणाचा जीव घेतला, तर ती आली कोठून, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडत नाही. परवान्याचा लाभ एकाकडे आणि त्याचा धोका दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचे परिणाम देशाने पाहिले आहेत. मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात, पेटलावद गावी, १२ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी भर वस्तीतील इमारतीत साठविलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर यांचा स्फोट झाला व सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली. २१ जानेवारी २०२१ च्या रात्री कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ हुणसोडू येथे खाणीकडे आलेली स्फोटके वाहनासह उडाली. तो हादरा इतका दूरवर जाणवला की लोकांना भूकंपच वाटला. महिनाभरानंतर त्याच राज्यात चिक्कबळ्ळापूरजवळ हिरेनागवल्ली येथे सहाजण मृत्यू पावले. पोलिसी कारवाईच्या भीतीने दडवलेल्या कांड्यांची रात्री विल्हेवाट लावताना तो स्फोट झाला, असे त्या वेळी सांगण्यात आले.

हे शेवटचे उदाहरण आपण विशेष ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक दुर्घटनेनंतर एकच मागणी होते, ती म्हणजे धाडी घाला. धाडी घातल्याच पाहिजेत; परंतु उरलेला माल सुरक्षित ठेवण्यास जागाच नसेल, तर धाडीच्या भीतीने तो माल नाहीसा होत नाही, एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत जातो. आणि तो रात्री हलविण्याचे काम मालक स्वतः करीत नाही. याच्या उलट दुसरी मागणी खाणवाल्यांची असते : नियम शिथिल करा, लहान धंदा जगू द्या. लहान धंदा जगावा हे आम्हालाही मान्य आहे; पण कोठीचे अंतर कमी करून वाचविलेला पैसा शेवटी कोणाच्या जिवावर वाचतो, हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून आपली मागणी निराळी असली पाहिजे. जेथे लहान खाणी एका टापूत आहेत, तेथे त्यांच्यासाठी एक सामाईक कोठी असावी आणि ती सहकारी संस्थेने अथवा सरकारी महामंडळाने चालवावी. सुरक्षित अंतराची जमीन शासनाने द्यावी. खाणपट्ट्यांचे स्वामित्वधन ते घेतेच. त्या दिवशी लागेल तेवढाच माल प्रमाणपत्रधारक सुरुंग्याच्या हाती पडावा आणि उरलेला त्याच सायंकाळी मोजून परत यावा. नेण्या-आणण्याचा खर्च ब्रासच्या दरात धरावा व तो खडी घेणाऱ्याने सोसावा, कारण रस्ते आणि इमारती त्याच खडीने उभ्या राहतात. आणि नोंदवहीवर खाणमालकाबरोबर कामगारांच्या प्रतिनिधीचीही सही असावी. किती कांड्या आल्या आणि किती भोके भरली, हे भोके भरणाऱ्या मजुराइतके अचूक कोण सांगू शकेल?

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. १९५२ च्या खाण कायद्याने सहा मीटरांहून अधिक खोल नसलेल्या आणि पन्नासांहून अधिक माणसे नसलेल्या उघड्या दगडखाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती. मात्र स्फोटके वापरली की ती सूट संपत असे. सुरुंगाचा वापर कबूल करणे म्हणजे त्या मजुराला खाणकामगार म्हणून कबूल करणे होते, आणि वापर दडविण्याचे एक कारण येथेच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षिततेची २०२० ची संहिता अमलात आली व तो कायदा तीत सामावला गेला. संहितेखालील नियम होताना आणि ते राबविले जाताना हे संरक्षण पातळ होणार नाही, यावर लक्ष ठेवणे आपले काम आहे.

शेवटी आपल्यापुरते बोलतो. आम्ही वर्षानुवर्षे खाणींवर सभा घेतल्या, दरासाठी संप केले. पण कोठीची किल्ली कोणाकडे आहे, हे आम्ही कधी विचारले नाही. मी त्या खाटेवर झोपलो, सकाळी उठून मजुरीवर भाषण केले आणि परत आलो. त्या खोक्याविषयी मुकादमास एक शब्दही बोललो नाही. ही चूक माझी होती आणि ती मी आपल्यापुढे कबूल करतो. येत्या महिन्यात आपापल्या तालुक्यातील प्रत्येक खाणीवर जाऊन तीन गोष्टी विचारा : परवाना कोणाच्या नावावर आहे, कोठी कोठे आहे आणि काल उरलेला माल आज कोठे आहे. जी उत्तरे मिळतील ती लिहून आणा. पुढील निवेदन त्या उत्तरांवरून तयार करू आणि ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना खाणीवरच्या बायकांना बरोबर नेऊ. त्या खोक्यांचा पहारा आजवर त्यांनीच केला आहे.