उभा चार्जर आणि चालू चार्जर



विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा संख्येची असते. अमुक महामार्गावर इतके जलद चार्जर बसले, अमुक योजनेत इतके कोटी मंजूर झाले, हे वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येते. त्यांतील आज सकाळी किती चार्जर प्रत्यक्ष वीज देत होते, हे मात्र कोठेच छापले जात नाही. घाट चढून आलेल्या आणि बॅटरी दहा टक्क्यांवर टेकलेल्या कुटुंबाला पहिल्या आकड्याशी काहीच कर्तव्य नसते. पेट्रोल संपले तर डबा घेऊन कोणाला तरी पंपावर धाडता येते. विजेच्या बाबतीत ती सोय नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे विद्युत मोटारींच्या बाबतीत पुढारलेले राज्य. तेथील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात 2022 साली बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी एका स्वयंसेवी संस्थेच्या साथीने एक साधे काम केले. सार्वजनिक जलद चार्जिंगच्या 181 ठिकाणी जाऊन त्यांनी 657 चार्जर स्वत: तपासले. कसोटीही कडक नव्हती. जोडल्यावर दोन मिनिटे वीज मिळाली, किंवा तेथे आधीच एखादी गाडी चार्ज होत असली, तरी तो चार्जर चालू धरायचा. एवढ्या सवलतीनंतर 72.5 टक्के चार्जर चालू ठरले. 22.7 टक्के बंद होते: कोठे पडदा काळा, कोठे पैसे भरण्याची यंत्रणा नादुरुस्त, कोठे जोडणी मोडलेली. उरलेल्या सुमारे पाच टक्के ठिकाणी यंत्राची केबल गाडीपर्यंत पोहोचतच नव्हती! चालक कंपन्या मात्र आपले चार्जर 95 ते 98 टक्के वेळ कार्यरत असतात, असे सांगत होत्या. विशेष म्हणजे सुमारे आठवड्याने यांतील काही चार्जर पुन्हा तपासले, तेव्हा एकूण चित्रात फरक पडलेला नव्हता.

मग कंपन्या खोटे बोलत होत्या काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न 'चालू' या शब्दाच्या अर्थाचा आहे, आणि तो समजण्यासाठी यंत्राच्या आत थोडे डोकावावे लागते.

घरातील प्लगमध्ये वीज सदैव हजर असते. जलद चार्जरचे तसे नसते. विद्युत मंडळाकडून येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे दिष्ट विजेत रूपांतर करून, शेकडो व्होल्टच्या दाबाने ती थेट बॅटरीत सोडायची, असे हे जोखमीचे काम आहे. म्हणून केबल जोडताच प्रथम गाडी आणि चार्जर यांच्यात संभाषण सुरू होते. आपल्याला किती दाब आणि किती प्रवाह चालेल, हे गाडी सांगते. चार्जर केबलच्या विद्युतरोधनाची परीक्षा घेतो. दोन्हीकडचा दाब समान केला जातो. आणि त्यानंतरच स्विच मिटून प्रवाह वाहू लागतो. या साखळीतील एक कडी निसटली की सर्व थांबते. दोष गाडीच्या प्रणालीत असो की यंत्राच्या, पडद्यावर दिसते ते एकच: 'चार्जिंग अयशस्वी'. त्याआधी ॲप उघडणे, नोंदणी करणे, पैसे भरणे हा दुसरा अडथळा असतो. त्यासाठी मोबाइलचे जाळे हवे. गाडीत वृद्ध आई-वडील आणि झोपेला आलेली मुले असताना हे सारे पुन:पुन्हा करून पाहावे लागले, की त्या कुटुंबाचा पुढच्या वेळचा निर्णय ठरून जातो.

कंपनीच्या मुख्यालयाला यातले काय कळते? चार्जर ठरावीक वेळाने आपण जागे असल्याचा संदेश पाठवीत राहतो. तंत्रज्ञ त्याला 'हार्टबीट' म्हणतात. हृदयाचे ठोके पडत आहेत, परंतु हात उचलत नाही, अशा रुग्णाला कागदोपत्री निरोगी म्हणावे, तसा हा प्रकार होतो. शिवाय यंत्रात विजेचे रूपांतर करणारे अनेक भाग शेजारी-शेजारी काम करीत असतात. त्यांतले निम्मे बंद पडले, तरी चार्जर 'चालू'च दिसतो. वीस मिनिटांचे काम मात्र चाळीस मिनिटांवर जाते. भाड्याची गाडी चालवून पोट भरणाऱ्याला ती वीस मिनिटे परवडत नाहीत.

हे ध्यानात आल्यावर दोन देशांनी नियम केले. अमेरिकेच्या संघ सरकारने 2023 साली सरकारी निधीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक चार्जिंग जागेसाठी वर्षातील 97 टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली. तीन टक्के म्हणजे वर्षाचे सुमारे अकरा दिवस. वीजपुरवठा खंडित होणे, तोडफोड, गाडीतील दोष, नियोजित देखभाल हा काळ त्यातूनही वगळला जातो. त्याच नियमातील दुसरी अट अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे: एका ठिकाणी किमान चार गाड्यांची सोय हवी. एक यंत्र रुसले तरी तीन उरतात.

ब्रिटनने 2023 साली केलेला कायदा आणखी कडक दिसतो. 50 किलोवॉट आणि त्याहून अधिक क्षमतेच्या चार्जरांचे जाळे 99 टक्के विश्वसनीय असले पाहिजे, चोवीस तास मदतीचा दूरध्वनी असला पाहिजे आणि ॲपशिवाय साध्या बँक-कार्डाने पैसे भरता आले पाहिजेत. विश्वसनीयतेची अट नोव्हेंबर 2024 पासून लागू झाली, आणि ती मोडल्यास चार्जरमागे दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हे 99 टक्के संपूर्ण जाळ्याच्या वार्षिक सरासरीवर मोजले जातात. शंभर चार्जरांपैकी नव्याण्णव वर्षभर उत्तम चालले आणि एक बाराही महिने मृतवत राहिला, तरी कायद्याचे समाधान होते. तो एक चार्जर एखाद्या आडवळणाच्या गावातील एकुलता एक असेल, तर त्या गावापुरती विश्वसनीयता शून्य!

ब्रिटनमध्ये हा कायदा का करावा लागला, तेही पाहण्यासारखे आहे. तेथील मोटारमार्गांच्या विश्रांतिस्थानांवर 2011 पासून जलद चार्जर बसू लागले. 2021 साली स्पर्धा प्राधिकरणाने पाहणी केली, तेव्हा टेस्लाचे वगळता या ठिकाणचे सुमारे 80 टक्के चार्जर एकाच जाळ्याचे होते आणि करार दहा-पंधरा वर्षांच्या मक्तेदारीचे होते. शेजारी दुसरा दुकानदारच नसेल, तर पहिल्याने दुरुस्तीची घाई का करावी?

आता आपल्याकडे वळू. 2017 च्या सुमारास भारतात 'भारत डीसी-001' हे मानक ठरले. कमाल 15 किलोवॉट क्षमता, आणि 48 ते 72 व्होल्टच्या बॅटरीसाठी योग्य. त्या वेळच्या गाड्यांना ते साजेसे होते. 2020 च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन बाजारात आली ती 300 व्होल्टहून अधिक दाबाची बॅटरी आणि निराळा कनेक्टर घेऊन. साहजिकच आधी बसलेले चार्जर तिच्या दृष्टीने निरुपयोगी होते. त्यांच्यात कोणताही बिघाड नव्हता आणि मोजणीत ते 'चार्जर' म्हणूनच धरले जात होते.

पुढे 2023 साली केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना 7,432 जलद चार्जिंग केंद्रांसाठी 800 कोटी रुपये मंजूर केले, 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटींची तरतूद झाली, आणि महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला ही सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पैसा आणि इच्छा, दोन्ही आहेत. किती बसले, हा हिशेब मागणारे पुष्कळ आहेत. किती चालले, हे विचारणारे हवे आहेत, आणि त्याचे उत्तर जागेगणिक मिळाले पाहिजे. सरासरीत ते लपून जाते.

पाश्चात्त्य देशांत नसलेली एक अनुकूलता येथे आहे. तेथील चार्जर बहुधा निर्मनुष्य वाहनतळावर एकाकी उभा असतो. आपल्या पेट्रोलपंपावर दिवसरात्र माणसे असतात. अडकलेले यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे, हवेच्या जाळीवरील धूळ झटकणे, चार्जरसमोर उभी केलेली डिझेलची गाडी हलवायला लावणे, केबल पावसाच्या पाण्यात पडू न देणे, ही कामे अभियंत्याची नव्हेत. तीन-चार दिवसांच्या शिक्षणावर ती जमतात. आज चार्जर पंपाच्या आवारात असतो, पण तो चालवणारा बहुधा दुसराच असल्याने, विचारले तर पंपावरील मुलगा यंत्रावरच्या दूरध्वनी क्रमांकाकडे बोट दाखवतो. त्या मुलाच्या पगारात आणि पंपमालकाच्या उत्पन्नात चालू चार्जरमागे काही वाटा घातला, तर यंत्र बंद पडल्याची बातमी मुख्यालयाच्या आधी त्याला लागेल.