अंगण नसलेल्या घरातील बालवाडी

(फुनाबोरी, तोक्यो येथील वार्षिक स्नेहसंमेलनात पालकांसमोर केलेले भाषण)



लहान मुलांना घरच्या घरी, हसतखेळत काय शिकविता येईल, या विषयावर बोलण्याची सूचना मंडळाने आम्हाला केली. आम्ही पेशाने डॉक्टर, शिक्षक नव्हे. तथापि परदेशी राहणारे आपले पालक भेटले म्हणजे ताप-खोकल्याच्या बरोबरीने एक प्रश्न हटकून विचारतात. मूल बालवाडीत जपानी ऐकते, पुढे इंग्रजी शाळेत जाईल. मग घरी मराठी बोललो तर त्याचा गोंधळ होणार नाही काय? मूल उशिरा तर बोलणार नाही?

या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मुलाचे बोलणे रखडत नाही. मात्र शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले पाहिजेत. मराठीतील वीस आणि जपानीतील तीस शब्द येणाऱ्या बाळाजवळ पन्नास शब्दांचे भांडवल असते. साधारण दोन वर्षांचे मूल "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडू लागते. ते तसे जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर भाषेला दोष देत न बसता आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. जपानमध्ये दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांची आरोग्य तपासणी होते. त्या वेळी माता-बाल आरोग्य पुस्तिका, म्हणजे बोशी तेचो, सोबत न्यावी आणि मूल मराठीत काय काय बोलते तेही परिचारिकेला आवर्जून सांगावे.

भीती दूर झाली की प्रश्न उरतो साधनांचा. या बाबतीत महाराष्ट्राचा एक अनुभव मोलाचा आहे. १९४५ साली बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्याच वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ताराबाई मोडक यांनी शिक्षणाच्या अगदी पहिल्या पायरीचे काम आरंभिले. त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये वाढले. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात गेले पाहिजे, हा त्यांचा विचार. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. महागडी परदेशी खेळणी परवडणार नाहीत म्हणून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने यांनाच शैक्षणिक साधने केले.

फुनाबोरीच्या आपल्या सदनिकांना अंगण नाही. दोन खोल्या, कपडे वाळत घातलेला सज्जा आणि खालच्या मजल्यावर शांतताप्रिय शेजारी, असा आपला संसार. तरीही या घरात तीन अंगणे आहेत, असे आम्ही म्हणतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि घरापासून निघणारी आगगाडी.

स्वयंपाकघरापासून आरंभ करू. भाताच्या विजेच्या कुकरबरोबर जे माप येते ते जपानी 'एक गो', म्हणजे १८० मिलिलिटरचे असते. दुधाचा रिकामा एक लिटरचा खोका घ्यावा आणि मुलाला मापाने पाणी ओतू द्यावे. पाच मापांनी लिटर भरत नाही आणि सहावे पुरते ओतले तर सांडते! हे नवल पाहिलेले मूल पुढे अपूर्णांकांना घाबरणार नाही. ओतता ओतता "भरले, उरले, सांडले, काठोकाठ" हे शब्द आपोआप तोंडी बसतात. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, डबे लहानमोठ्या क्रमाने रचणे, डोळे मिटून वासावरून हिंग, जिरे, आले ओळखणे, हे सारे अभ्यासच आहेत. त्यांना पैसा लागत नाही. आई-बाबांची पंधरा मिनिटे लागतात.

दुसरे अंगण न्हाणीघर. जपानी घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर पाण्याने न भिजणारा हिरागाना अक्षरांचा तक्ता लावण्याची चाल आहे. त्याच्या शेजारी आपली बाराखडी लावा. तक्ता नसेल तर वाफेने धुरकटलेल्या आरशावर बोटाने लिहा. मग एक गंमत दिसेल. जपानी स्वरांचा क्रम आ, ई, ऊ, ए, ओ असा आहे आणि ओळींचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा. आपल्या वर्णमालेचीच ही ठेवण! हा योगायोग नव्हे. बौद्ध ग्रंथ व मंत्र यांच्यासाठी जपानी भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा आणि संस्कृत वर्णक्रमाचा अभ्यास केला. नवव्या शतकाच्या आरंभी चीनहून परतलेले कूकाई हे त्यांतील थोर नाव. त्या अभ्यासातून हा क्रम जपानी अक्षरमालेला मिळाला. 'हा'ची ओळ 'प'च्या जागी कशी, असे कोणी विचारील. तर त्या ओळीचा प्राचीन उच्चार 'प'सारखा होता. बुद्धाच्या मार्गाने आपला वर्णक्रम या देशी आपल्या शेकडो वर्षे आधी येऊन पोहोचला आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. मराठी शिकणे म्हणजे जपानीपासून दूर जाणे नव्हे, हे त्यांना तक्त्यावरच दिसेल.

याला जोडून आणखी एक खेळ. कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरून मुलाला 'क' आणि मग 'ख' म्हणायला सांगा. 'ख'ला पट्टी जोराने हलते. जपानीत असे महाप्राण उच्चार नाहीत, 'ळ'देखील नाही. म्हणून 'भीम' हे नाव तेथे 'बीमु' होते. "थाळी, खळी, भोपळा, केळे" अशी शब्दांची माळ गुंफली की जिभेला नकळत व्यायाम घडतो.

तिसरे अंगण आगगाडीचे. तोएई शिंजुकू मार्गावर प्रत्येक स्थानकाला क्रमांक आहे. फुनाबोरी १७, नदी ओलांडून हिगाशी-ओजिमा १६, ओजिमा १५, आणि असेच उतरत शिंजुकूला १. उलटी उजळणी करण्यास यापेक्षा चांगली पाटी कोणती? जपानीत सतराला 'जू-नाना', म्हणजे 'दहा-सात' म्हणतात. ते सरळ आहे. आपले 'एकोणीस' म्हणजे विसाला एक उणा. तेथे वजाबाकी दडलेली आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आपल्या मुलांना दोन्ही पद्धती गाडीत बसल्या बसल्या मिळतात. त्यांना हे कोडे म्हणून घालावे.

आता काही पथ्ये. खेळाचा तास करू नये. मूल कंटाळले की थांबावे. चूक झाल्यास रागावू नये, योग्य शब्द आपल्या वाक्यात सहज उच्चारावा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बिया, मणी, सागरगोटे देऊ नयेत. भाजलेले कठीण दाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना खायला देऊ नयेत, असा इशारा जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२१ साली दिला आहे, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. टबात पाणी असताना मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. पडद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा की एक वर्षाखालील मुलांना तो मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा अधिक नको. पडद्यावरील मराठी गाणी मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, आई-बाबा देतात.

आणि आता या विषयाचे मर्म. आपल्या समाजातील कित्येक आज्यांना शाळेचे दार उघडले नाही. त्यांचे सारे संचित, त्यांच्या ओव्या, त्यांचे कष्ट, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या आठवणी, हे कागदावर नाही. ते त्यांच्या बोलण्यात आहे आणि ते बोलणे मराठी आहे. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. नातवाला मराठी समजली नाही, तर हे ग्रंथालय वाचले न जाताच बंद होईल. भाषांतर करून देण्यास आपण नेहमी मध्ये असूच असे नाही.

म्हणून शेवटचा खेळ सुचवितो. जपानमध्ये 'कामिशिबाई' नावाची चित्रकथा असते. पिंगुळीच्या चित्रकथीशी तिचे नाते जुळेल अशी. एकेक चित्र दाखवीत गोष्ट सांगायची. मुलाने रविवारी फोनवर आजीला एकच प्रश्न विचारावा : "आजी, तू लहानपणी काय खेळायचीस?" पुढल्या रविवारी, "तुझ्या घरी पाणी कुठून यायचे?" उत्तराची सहा-सात चित्रे मुलाने काढावीत आणि पाठीमागे एकेक मराठी ओळ आपण लिहावी. मग मुलाने ती कथा आजीलाच सांगावी. वर्षभरात घरात अशी गोष्टींची पेटी तयार होईल, जी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ पहाटे दोन वाजता भिवाला अभ्यासाला उठवीत, हे आपण चरित्रांतून वाचतो. आपल्या चिमुकल्यांना पहाटे उठविण्याची गरज नाही. त्यांना झोपू द्या. त्या एका खोलीतून घ्यायचे ते इतकेच की जागा अपुरी होती, परंतु बाप मुलाजवळ बसत होता. फुनाबोरीच्या दोन खोल्यांत आपणही बसावे, मराठीत बसावे आणि हसतखेळत बसावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! जय भारत!