वेगवान गोलंदाजाचं वय



क्रिकेटचं संमेलन भैरवगढात भरतंय म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या. हे गाव काळभैरवाचं आणि छिप्यांच्या छापील कापडाचं. मोठं मैदान बघायचं तर इंदूर गाठावं लागतं. तेही पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. तिथल्या होळकर स्टेडियमवर 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भानं पहिला रणजी करंडक जिंकला, आणि त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीनं हॅटट्रिक घेतली. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. हाच मुलगा 34 वर्षांचा झाल्यावर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हा आजचा माझा विषय.

इंदूरला वयाची गोष्ट निघाली की सी. के. नायडूंचं नाव येतंच. साठी ओलांडूनही ते रणजी खेळले. फलंदाजाला ते जमतं. वेगवान गोलंदाजाचं शरीर मात्र प्रत्येक चेंडूमागे किंमत मोजतं. पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा वजनाच्या पाच-सहा पट भार घोट्यातून, गुडघ्यातून वर चढतो, आणि त्याच क्षणी कंबर एका अंगाला वाकून पिळलेली असते. कमरेच्या मणक्याचं हाड विशी उलटल्यावरही काही वर्षं पुरतं पक्कं झालेलं नसतं. म्हणून स्ट्रेस फ्रॅक्चर म्हाताऱ्यांपेक्षा पोरांनाच जास्त होतं. तिशीनंतर दुखणी बदलतात: मांडीचा मागचा स्नायू, पोटरी, गुडघा. वेग थोडा उतरतो, पण खरा फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. अंग मोकळं व्हायला वेळ लागतो.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. रमाकांत देसाई, चण लहान, पण चेंडू टाकायचे जिवाच्या कराराने. 1958-59 च्या पहिल्याच रणजी मोसमात त्यांनी 50 बळी घेतले आणि त्याच मोसमात दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण केलं. वय 19. एका डावात त्यांच्याकडून 49 षटकं टाकून घेतली. 169 धावांत 4 बळी. शेवटची कसोटी 1968 मध्ये. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. कौतुक करताना आपण 'केवढी जिद्द!' म्हणतो. त्या पोराच्या हातात चेंडू पुन्हा पुन्हा देणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नाही.

दुसरा श्रीरामपूरचा झहीर खान. 2006 मध्ये भारतीय संघाबाहेर असताना तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, चॅम्पियनशिपमध्ये 78 बळी घेतले आणि परतला तो वेगळा गोलंदाज होऊन. वेगाचा हव्यास कमी. स्विंगवर, चेंडू लपवून धरण्यावर भर जास्त. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी, वय 32. अंतिम सामन्यातली त्याची पहिली पाच षटकं आठवा: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्यानंतरची पाच महाग पडली, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावला. शेवटची कसोटी 2014 ची, वेलिंग्टनला. मॅकलमनं त्रिशतक ठोकलं त्या डावात झहीरनं 51 षटकं टाकली आणि 5 बळी घेतले, पस्तिसाव्या वर्षी. एकोणिसाव्या वर्षीची 49 आणि पस्तिसाव्या वर्षीची 51, यांतली मला जास्त भीती पहिलीची वाटते.

इथे एक धोक्याची सूचना. पस्तिशीपुढच्या गोलंदाजांची सरासरी काढली आणि ती चांगली निघाली, तर हुरळून जाऊ नका. ज्यांची कंबर गेली, गुडघा गेला, ज्यांना निवड समितीनं घरी बसवलं, ते त्या यादीत नाहीतच. उरलेत हॅडली, मॅकग्रा आणि बेचाळिशीच्या उंबरठ्यावर 704 कसोटी बळींवर थांबलेला अँडरसन. आणि अँडरसनच्याही पाठीला तेविशीत स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं. त्यातून तो सावरला, म्हणून आपल्याला त्याचा आकडा माहीत आहे.

उलट टोकाची चूकही आपल्याकडे सर्रास होते. तिशी आली की 'आता याच्यात काय उरलंय' म्हणून नाव खोडायचं. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईचा वेगवान गोलंदाज धवल कुलकर्णी शेवटचा सामना खेळला, वय 35. रणजीच्या त्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात 15 धावांत 3 बळी घेतले, आणि विदर्भाची शेवटची विकेटही त्यानंच काढली. उमेश यादव, त्रिफळाचीत. दोघेही पस्तिशीच्या आसपासचे! शेवटी कर्णधार रहाणेनं चेंडू धवलच्या हातात दिला, यात भावना होती, पण नुसती भावना असती तर पहिल्या डावातले तीन बळी कुठून आले असते?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक संघात वेगवान गोलंदाजाच्या नावानं एक वही असावी. सामन्यातले चेंडू, नेटमधले चेंडू, शाळेसाठी, क्लबसाठी, टेनिस बॉलच्या स्पर्धेसाठी टाकलेले, सगळे त्यात उतरवावेत. आज शाळेचे सर वेगळे, क्लबचे वेगळे. आठवड्यात पोरानं एकूण किती टाकले हे दोघांनाही ठाऊक नसतं. 'सर, कंबर धरलीय' असं तो म्हणाला, तर त्या दिवशी त्याला फलंदाजीचं पॅड बांधायला सांगावं आणि डॉक्टरला दाखवावं. आणि तिशीपुढच्याला निवड चाचणीला बोलावताना जन्मतारखेऐवजी त्याचा दिवसातला तिसरा स्पेल बघावा. ठरावाचा मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी.