रक्ताची उणीव रक्तानेच भरते



कृत्रिम रक्त निघाले, मग रक्तदानाची गरज काय, असे आपल्यापैकी एकीने मला विचारले. त्याचेच उत्तर देते.

बायपास शस्त्रक्रियेत हृदयाच्या चोंदलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून नवी वाट जोडतात. त्यासाठी बहुधा हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ हृदय-फुफ्फुस यंत्र काम पाहते. या यंत्राच्या साहाय्याने हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केली. यंत्र घडवताना त्यांच्या पत्नी मेरी प्रयोगशाळेत बरोबरीने राबल्या होत्या, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवावे.

यंत्राच्या नळ्यांत आधी लिटरभर क्षारयुक्त द्रावण भरतात. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावे, तसे रक्त पातळ होते आणि रक्तदाब उतरतो. सरासरी दाब सामान्यतः ५० ते ८० मिलिमीटरांच्या दरम्यान राखतात; फार उतरला तर मेंदूला रक्त अपुरे पडते. दाब औषधाने सावरता येतो. पण प्राणवायू वाहून न्यायला तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिनच लागते.

म्हणून शास्त्रज्ञांनी पेशींतून हिमोग्लोबिन काढून त्याचे द्रावण केले. गट जुळवण्याची कटकट नाही! पण रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हे मोकळे हिमोग्लोबिन शोषून घेते. वाहिन्या आवळतात, दाब चढतो. २००८ साली अशा पाच द्रावणांच्या १६ चाचण्यांतील ३,७११ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचा धोका वाढल्याचे दिसले. ज्या हृदयासाठी एवढा खटाटोप, त्यालाच अपाय! पेशीचे पातळ आवरण निसर्गाने उगीच दिलेले नाही.

संशोधन चालू आहे. पण रुग्णाला अजून माणसाचेच रक्त लागते. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असलेल्या निरोगी स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. आपल्याकडे बायका अडतात त्या या हिमोग्लोबिनपाशी. सर्वांचे वाढून उरेल ते खाणारीच्या अंगी ते यावे कोठून?

तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर हिमोग्लोबिनची तपासणीही ठेवावी. जिचे भरेल तिने रक्त द्यावे. जिचे कमी निघेल तिने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आधी स्वतःचे ताट वाढून घ्यावे.