टर्मिनल कोण बंद करतं?

युनिक्सवर काम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: टर्मिनल उघडं ठेवून जेवायला गेलो, परत आलो तर विंडो बंद! मग हाताला लागेल ती सेटिंग बदलली जाते. माझा आग्रह असा, की आधी ती बंद कुणी केली ते शोधा.

पहिला संशय शेलवर घ्यावा. बॅशमध्ये ‘टीएमआउट’ हे व्हेरिएबल असतं. त्यात ९०० लिहिलं असेल, तर प्रॉम्प्टवर १५ मिनिटं काही टाइप झालं नाही की बॅश ऑटो-लॉगआउटचा संदेश छापून बाहेर पडतो. टीसीशेलमध्ये हेच काम ‘ऑटोलॉगआउट’ करतं. कमांड चालू असताना मात्र बॅशचं हे घड्याळ थांबलेलं असतं. व्हेरिएबल तुमचंच असेल तर ‘अनसेट’ करा. पण ॲडमिनने ते ‘रीडओन्ली’ करून ठेवलं असेल तर ते निघत नाही, आणि आडवाटेने काढूही नये. सर्व्हरवर रूटचा प्रॉम्प्ट बेवारस उघडा राहणं फार धोक्याचं असतं.

एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर काम करताना संदेश न छापता स्क्रीन नुसतीच गोठली, तर दोष बहुधा वाटेतल्या राउटरचा किंवा फायरवॉलचा. बराच वेळ मुकी राहिलेली जोडणी ती यंत्रं आपल्या नोंदीतून काढून टाकतात. लिनक्सचा स्वतःचा टीसीपी कीपअलाइव्ह मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंद, म्हणजे तब्बल दोन तास थांबतो. तोवर नोंद कधीच पुसली गेलेली असते. यावर उपाय सोपा आहे. आपल्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटर्व्हल ६०’ लिहा. मिनिटभर पलीकडून काही आलं नाही, की एसएसएच आपणहून एक छोटा संदेश पाठवून जोडणी जागती ठेवतं. टीएमआउटवर याचा काही परिणाम होत नाही.

खरी हळहळ वाटते ती रात्रभराचं काम अर्ध्यात मेलं की. जोडणी तुटली की चालू प्रोग्रामला ‘हँगअप’ सिग्नल जातो, आणि प्रोग्राम बहुतेक वेळा तिथेच संपतो. म्हणून लांबलचक काम नेहमी ‘टीमक्स’मध्ये सुरू करावं, किंवा १९८७ पासून चालत आलेल्या ‘स्क्रीन’मध्ये. टीमक्समध्ये कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की तुम्ही बाहेर पडता, काम सर्व्हरवर चालूच राहतं. सकाळी ‘टीमक्स अटॅच’ म्हणा, पुन्हा त्याच जागी याल. सर्व्हरच रिबूट झाला तर मात्र टीमक्सही जातो, तेव्हा निकाल फाइलमध्ये उतरवत राहा.