कपडेपट घरातच आहे
(पथनाट्य करणाऱ्या पोरापोरींच्या शिबिरात केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी नाटकातला जाणकार नाय. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. कविता लिहितो आणि आमच्या पथकाचा कपडेपट सांभाळतो. तेव्हा कपड्यांवरच बोलणार.

आधी पैशाचं बोलू. राजाचा अंगरखा, मंदिल, तलवार भाड्याने आणायची तर पथकाची सगळी वर्गणी डिपॉझिटातच खलास. वर दुकानदार विचारणार, प्रयोग कुठाय? वस्तीचं नाव ऐकलं की डिपॉझिट वाढतं. हे आम्ही सोसलंय. पण मी नुसता पैसा वाचवायचा धडा द्यायला उभा नाय. कपडा ही आपल्या माणसांसाठी साधी चीज कधीच नव्हती.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळाने काय घालायचं ते तिथं लिहून ठेवलंय. अंगावर प्रेताची वस्त्रं, दागिने लोखंडाचे, जेवायला फुटकी भांडी. म्हंजे नाटक त्यांनी लिहिलं, भूमिका आपल्याला दिली आणि ड्रेपरीही त्यांनीच ठरवली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. त्याच दिवसांत बाबासाहेबांनी तिथल्या बायांना सांगितलं की लुगडं नेसायची रीत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाका. एवढ्या मोठ्या लढ्यात त्या माणसाला लुगड्यावर बोलावंसं वाटलं. का वाटलं, त्याचा विचार करा.

म्हणून आमच्या पथकाचा पयला नियम असा: आपल्या माणसाला उगाच चिंध्या चढवायच्या नाहीत. दलित पात्र म्हटलं की फाटकं बनियन आणि काजळ फासलेलं तोंड, ही सवय सोडा. त्याला धुतलेला, इस्त्रीचा सदरा द्या. ठिगळ असलं तर असू दे, पण सदरा स्वच्छ पायजे. आणि गोणपाट? ते राजाला द्या, सावकाराला द्या. पोत्याचा झगा नि पुठ्ठ्याचा मुकुट घालून राजा आला की लोक आधी हसतात. मग त्यांच्या ध्यानात येतं की याचा सगळा रुबाब उसन्या कापडाचाच होता.

आता कुणी म्हणेल, आपल्यावर चिंध्या लादल्या ते दाखवायचंच नाय का? दाखवायचं. पण लादताना दाखवा. नट साध्या कपड्यात उभा राहील, दोघं येऊन लोकांसमोर त्याच्या अंगावर ते पोतं चढवतील. आणि शेवटी तो ते स्वतःच्या हाताने उतरवील, तेही लोकांसमोरच.

पोत्याला हलकं समजू नका. पोलंडमध्ये येझी ग्रोटोव्हस्कीने १९६२ साली 'अक्रोपोलिस' केलं. मूळ नाटक जुनं, पण त्याने ते नेऊन ठेवलं ऑशविट्झच्या छळछावणीत. नटांच्या अंगावर भोकं पडलेली पोती, पायात जड लाकडी बूट. हे करताना त्याच्यासोबत होता योझेफ शायना, जो स्वतः त्या छावणीत कैदी होता. तिथं पोतं स्वस्त पडतं म्हणून आलं नव्हतं. माणसाचा माल केला होता, म्हणून आलं होतं. गोदीत पाठीवर पोतं घेणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाय.

आता कामाचं सांगतो.

तागाचं पोतं उलटं करून झटका, दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा. तळाच्या शिवणीत गळा कापा, बाजूला हातांसाठी चिरा. आत बनियन घाला, नायतर अंग खाजून नट संवाद विसरेल. खताचं, औषधाचं पोतं अजिबात घ्यायचं नाय. शिवायला दाभण आणि सुतळी. न कापता खोळ हवी असेल तर तळाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसा. पावसात हमाल तेच करतो.

प्लास्टिकचं पोतं कापलं की धागे सुटतात. कापलेली कड मेणबत्तीच्या आचेजवळून फिरवा, वितळून बंद होते. पण मशालीचा प्रसंग असेल तर प्लास्टिक, नायलॉन कुणाच्याच अंगावर नको. ते वितळून कातडीला चिकटतं. तिथं फक्त सुती कपडा, आणि बाजूला पाण्याची बादली.

मुकुटाला खोक्याचा पुठ्ठा. मैद्याची खळ शिजवा, वर्तमानपत्राचे तुकडे तीन-चार थर लावा, प्रत्येक थर वाळू द्या. दाढीला ताग पिंजून कापडाच्या पट्टीवर शिवा आणि नाडीने कानामागे बांधा. पांढरं सुती कापड चहाच्या पाण्यात उकळलं की जुनं दिसतं. हळदीचा रंग स्वस्त, पण उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल होतो, हे ध्यानात ठेवा.

चौकात दूरच्या माणसाला तीनच गोष्टी दिसतात: डोकं, खांदे, पाय. मेहनत तिथं करा. बटणांवर नक्षी काढत बसू नका. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही १९७७ ची एकांकिका बघा. दोघंच नट नाना माणसं उभी करतात. तसं करायचं तर एक पंचा पुरतो. डोक्याला बांधला की शेतकरी, खांद्यावर घडी टाकली की पुढारी, कंबरेला आवळला की हमाल.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. आईच्या नऊवारी लुगड्याचा झकास फेटा होतो. पण तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाय, आणि कापायचं तर बिलकुल नाय. गुंडाळा, टाचा, बांधा, आणि प्रयोग झाला की धुऊन परत द्या. तिला ते उद्या गोधडीला लागणार आहे. समतेचं नाटक करायला निघालो आणि आईचं लुगडं फाडून आलो, तर आपल्यात नि त्या सावकारात फरक काय राहिला? उलट तिलाच तालमीला बोलवा. पोतं कसं शिवायचं, ठिगळ कुठं लावायचं, हे ती आपल्यापेक्षा जास्त जाणते. कपडेपटाची खरी मास्तरीण घरातच बसलीय. तिचं नाव आपल्या पत्रकावर छापा.

जय भीम.